ताडपत्रीवालीची साक्ष

९ जून

प्रिय भिंगरी,

सप्रेम सलाम.

पोचल्याचं पत्र मिळालं. त्यात "इकडे सर्व कुशल" असं लिहिलं आहेस. ज्याचं खरंच कुशल असतं तो माणूस दुसरं काहीतरी लिहितो. जेवतेस कुठे, झोपतेस कशावर, दाराला आतून कडी नीट लागते का, ते लिही. प्रभू तुझी काळजी घेतो हे मला ठाऊक आहे. कडी लागते का, ते ठाऊक नाही.

मी रागावले आहे का, असं विचारलंस. हो, रागावले आहे. लॅबमधली नोकरी मी शब्द टाकून मिळवून दिली होती आणि तू ती सोडलीस, म्हणून नव्हे. सुवार्तेचं काम करायला गेलीस म्हणून तर मुळीच नव्हे. तुझ्या आईचीही तीच इच्छा होती आणि ती असती तर ढोल वाजवत फिरली असती. मी रागावले ते निरोपाच्या दिवशी मंडळीसमोर उभी राहून तू जे बोललीस त्यावर. "आता माझी खरी सेवा सुरू होणार." मग रक्ताच्या बाटल्यांवर नीट नावं लिहीत होतीस ती काय खोटी सेवा होती? मी सर्जरीच्या वॉर्डात जन्म काढला, ती काय सहल होती? पुढच्या बाकावर बसून ऐकत होते, म्हणून गप्प बसले. आता पोस्टाचं तिकीट माझं आहे, बोलणार.

तुझ्यासारखेच दोघे मागच्या आठवड्यात माझ्या दाराशी आले. कोणत्या मंडळीचे होते कोण जाणे, पण टाय होते. थोरला म्हणाला, "बाई, आज रात्री तुम्ही मेलात तर कुठे जाल?" म्हटलं, "आधी शवागारात. पुढचं तो बघेल. तुम्ही पाय पुसून आत या." धाकट्याच्या बोटाचं नख पिकलं होतं. त्याला बसवून गरम पाण्यात बोट बुडवायला लावलं, साफ केलं, पट्टी बांधली. तेवढ्यात तो पाठ केलेलं सगळं विसरून गेला आणि चक्क आपल्या आईबद्दल बोलायला लागला. बरा मुलगा आहे. जाताना थोरला म्हणाला, "आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू." म्हटलं, "करा. मी याच्या नखासाठी करते."

पण तुला सांगते, मी मेल्यावर कुठे जाईन याची चौकशी करणाऱ्या त्या दोघांनी मी जिवंत असताना माझं नाव काय, एवढंसुद्धा विचारलं नाही. तू विचारत जा.

तुझी,
मावशी

---

२४ जून

प्रिय मावशी,

सप्रेम सलाम.

कडी लागते. आधी दाराला खांदा लावून जोर द्यावा लागतो, मग लागते. उघडतानाही तसंच. जेवण स्वतः करते आणि ते वाईट असतं. झोपायला खाट आहे. झालं समाधान?

सभागृह टायरच्या दुकानावर आहे आणि माझी खोली त्याच्याच मागे. रबराचा वास केसांत बसलाय. मी वचन समजावून सांगायला लागले की खाली हवा भरायचा पंप सुरू होतो. पूर्वी या जागेत दातांचा डॉक्टर बसायचा, त्यामुळे अजून लोक गाल धरून जिना चढतात. पहिल्या रविवारी माझ्यापुढे जे तिघे बसले होते त्यांतले दोघे असेच आलेले. मी त्यांनाही बसवून घेतलं, पण दुखऱ्या दाताला सुवार्ता ऐकू येत नाही.

आता खरी बातमी. मागच्या गल्लीत ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं वर्कशॉप आहे. तिथली एक बाई आमच्या खिडकीच्या पडद्याचं माप घ्यायला आली आणि प्रार्थना चालू होती म्हणून थांबली. सगळी गल्ली तिला ताडपत्रीवाली म्हणते, मी ताई म्हणते. नवरा ट्रकवर असतो, घरी कमी, रस्त्यावर जास्त. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्गात आहे. प्रार्थना संपल्यावर मी त्या दोघी बहिणींची गोष्ट सांगितली. एक प्रभूच्या पायाशी ऐकत बसते आणि दुसरी स्वयंपाकघरात राबते, ती. मी म्हटलं, ऐकत बसलेलीने चांगलं ते निवडलं. ताई म्हणाली, "ते झालं. पण मग जेवायला वाढलं कोणी?"

मावशी, याचं उत्तर तूच लिही!

आता ती दर बुधवारी कामावरून सुटली की येते. बोटं सुईने भोसकलेली असतात, तसेच हात जोडून बसते. आधी मी प्रार्थना करायची आणि ती "आमेन" म्हणायची. आता ती स्वतः करते आणि तिची प्रार्थना म्हणजे भांडण असतं. परवा म्हणाली, "प्रभू, त्याचा ट्रक नीट पोचव आणि पोचल्यावर त्याला दारूच्या दुकानासमोर उभा करू नकोस, तुझ्याच्याने होत नसेल तर तसं सांग." मी डोळे मिटून हसले. तिला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. गेल्या बुधवारी ती माझ्यापाशी फार मोकळं बोलली. फार जुनं, फार आतलं.

सप्टेंबरमध्ये मोठे पाळक भेटीला येणार आहेत. त्यांना दाखवायला माझ्याकडे काय आहे? रिकामे बाक आणि टायर. प्रार्थनेत ठेव.

तुझी,
भिंगरी

---

५ जुलै

प्रिय भिंगरी,

जेवायला कोणी वाढलं, हा प्रश्न मलाही लहानपणी पडला होता. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांना विचारला. त्यांनी मला ताटं पुसायला पाठवलं. तुझी ताडपत्रीवाली मला आवडली. तिचं भांडण सुरू राहू दे. ज्याच्यावर विश्वास नसतो त्याच्याशी माणूस भांडत नाही, नुसता रस्ता बदलतो.

"दाखवायला काय आहे" हे वाक्य मात्र मला आवडलं नाही. दाखवायला तू काय प्रदर्शन भरवलं आहेस?

माझ्या हाताखाली शिकाऊ नर्स यायच्या त्या भरपूर पुस्तक वाचून यायच्या. मी त्यांना पहिले काही दिवस नुसतं शेजारी उभं करायची, हात पाठीमागे. मी ड्रेसिंग करायचं, त्यांनी बघायचं. मग ट्रे धरायचा. मग एक दिवस चिमटा त्यांच्या हातात, आणि मी इतकी चिकटून मागे उभी की त्यांना माझा श्वास मानेवर लागायचा. आणि सगळ्यांत शेवटी मी खोलीबाहेर जायची. कॉरिडॉरमध्ये उभी राहायची. आतून आवाज नाही, तरी आत जायचं नाही. त्या दिवशी ती नर्स व्हायची. आपल्याला शिष्य करायला सांगितलं आहे ग, श्रोते गोळा करायला नव्हे. शिष्य एक एक करूनच होतो. तुला एक मिळाली आहे. तेवढी पुष्कळ आहे.

मोजे पाठवते आहे. भोकं पडली की शिव, फेकू नकोस. आता ओळखी आहेत तुझ्या.

मावशी

---

१८ सप्टेंबर

प्रिय मावशी,

काय सांगू! मोठे पाळक येऊन गेले. बाक भरले होते! टायरवाल्याने खालून खुर्च्या दिल्या. भिंतीला टेकूनसुद्धा माणसं उभी होती. माइक लावला होता आणि तो एकदाही ओरडला नाही. मोठे पाळक मधल्या खुर्चीवर बसले होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सभा संपल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मुली, हे खरं फळ." ताईची साक्ष झाली ना, प्रभूने आयुष्य कसं पालटलं त्याची! कितीतरी बायका रडल्या. मोठ्या पाळकांना ती साक्ष मंडळीच्या मासिकात छापायची आहे, ताईच्या फोटोसकट. इतक्या महिन्यांच्या कष्टांचं चीज झालं असं वाटलं. तू हवी होतीस.

घाईत आहे. बाकी सर्व कुशल.

भिंगरी

---

२५ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

पत्र वाचलं. खुर्च्या कुठून आल्या ते कळलं, माइक कसा वागला ते कळलं, पाळक कुठे बसले आणि कोणत्या डोळ्यांत पाणी आलं ते कळलं. ती बाई काय बोलली, त्याचा एक शब्द त्यात नाही. साक्ष तिची आणि पत्रभर बाकीचेच.

आणि पुन्हा "सर्व कुशल".

ती काय म्हणाली?

मावशी

---

२ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

सध्या फार काम आहे, म्हणून थोडक्यात. ताई दोन बुधवार आली नाही. गावाला गेली असावी. मोजे उबदार आहेत.

भिंगरी

---

८ ऑक्टोबर

"असावी"?

मागच्या गल्लीत राहते ना ती? तुझ्या आईलाही खोटं बोलता यायचं नाही, तीही वाक्याच्या शेवटी अशीच घसरायची. मी आता विचारणार नाही. पण मी रोज पोस्टमनची वाट बघते आणि तो मला घाबरायला लागला आहे, एवढं ध्यानात ठेव.

मावशी

---

३० ऑक्टोबर

प्रिय मावशी,

सांगते. वाचून झालं की फाडून टाक.

ताई साक्ष द्यायला तयार नव्हती. मी चार चार वेळा म्हटलं, तेव्हा उभी राहिली. माइक हातात घेतला आणि तिला काही बोलताच येईना. सगळे बघत होते. मोठे पाळक बघत होते. मी शेजारून हळू आवाजात म्हटलं, "सांगा ना ताई, बाकावरची गोष्ट." तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही म्हणून हलवली, मावशी. मला दिसलं. तरी मी तिच्या हातातून माइक घेतला आणि ती गोष्ट मीच सांगितली.

एका बुधवारी तिने ती मला सांगितली होती. मुलगी तान्ही असताना नवऱ्याने मारलं होतं, घरात दाणा नव्हता. त्या दिवशी ती मुलीला बसस्टँडच्या बाकावर ठेवून निघून गेली होती. मग परत आली. हे तिने जन्मात कोणाला सांगितलेलं नव्हतं. मी ते भरल्या सभेत सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. पापी आई, मग देवाची वाणी, मग तिचं परत फिरणं. लोक रडायला लागले तसा मला आणखी जोर चढला.

तिची मुलगी दुसऱ्या बाकावर होती. शाळेच्या गणवेशात. मीच तिला बोलावलं होतं, आईची साक्ष ऐकायला ये म्हणून.

ती उठली आणि दाराकडे गेली. सभागृहाचं दारही माझ्या खोलीच्या दारासारखंच, खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. ती ढकलत राहिली आणि सगळी सभा मान वळवून तिच्याकडे बघत राहिली. मग ताई माइकपाशी तशीच उभी राहिली. आणि मी गाणं सुरू केलं.

मुलगी घरात आईशी बोलत नाही, असं टायरवाल्याची बायको सांगत होती. ताई मला रस्त्यात दिसते आणि पलीकडे जाते. तू म्हणाली होतीस ना, विश्वास नसला की माणूस रस्ता बदलतो.

मी रोज देवाची क्षमा मागते. मला हे काम करायचा अधिकार नाही. मी परत येते.

भिंगरी

---

४ नोव्हेंबर

भिंगरी,

फाडलं.

आमच्या वॉर्डात मोठे सर्जन राउंडला यायचे, मागे विद्यार्थ्यांची रांग. पेशंटच्या अंगावरची चादर सपकन ओढायचे आणि शिकवायला सुरुवात करायचे. बाई आहे, पुरुष आहे, रडते आहे, काही नाही. केस उत्तम, म्हणून सगळ्यांनी बघायची. एकदा मी पुढे होऊन चादर पुन्हा वर घेतली. म्हणाले, "सिस्टर, मुलांना दिसत नाही." म्हटलं, "त्यांना बघायचं असेल तर एकेकाने यावं आणि आधी तिला विचारावं." मला मेमो मिळाला. तो मेमो मी अजून जपून ठेवला आहे, इतर बक्षिसं कुठे गेली माहीत नाही.

तू चादर ओढलीस, आणि तीही तिच्या लेकीसमोर. तुला माझ्या हाताखाली वाढवली आणि तू हे केलंस. मला इतका राग आला आहे की हे पत्र मी उभ्याने लिहिते आहे.

आता ऐक. देवाची क्षमा मागितलीस. चांगलं केलंस, तिकडचं तो बघेल. पण त्याच्याकडे रोज रोज जातेस, कारण तो परत शिव्या देत नाही. आता तिच्याकडे जा. ती जिथे काम करते तिथे जा. पुस्तक नेऊ नकोस. फळं नेऊ नकोस, ती आजारी नाही. "माझा हेतू चांगला होता" हे तोंडातून काढू नकोस. मी इतकी ऑपरेशनं बिघडलेली बघितली, ती बिघडवणारे सगळे चांगल्या हेतूचेच होते. आणि तिच्यासमोर रडू नकोस. तू रडलीस तर तिला तुझं सांत्वन करावं लागेल, आणि तिच्यामागे काम आहे. काय केलंस ते सांग, चुकलं म्हण, आणि ती जे बोलेल ते ऐकून घे. हाकललं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

परत यायचं म्हणतेस. तुझी खोली झाडून ठेवली आहे, गादी उन्हात टाकली आहे. पण आत्ता आलीस तर दार उघडणार नाही.

उघडेन. पण बोलणार नाही.

उघडेन आणि बोलेन, पण तुला ते आवडणार नाही. म्हणून तिकडेच थांब, माझ्या राणी, आणि हे नीट कर. ज्याला कधी कोणाची माफी मागावी लागली नाही त्याने दुसऱ्याला माफीची सुवार्ता काय सांगायची? तुझा अधिकार गेला नाही. कदाचित आत्ता कुठे यायला लागला असेल.

मावशी

---

२८ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

गेले.

वर्कशॉप म्हणजे लांब शेड. जमिनीवर ताडपत्र्या पसरलेल्या, मेणाचा आणि डिझेलचा वास. ताई तळहाताला चामड्याची पट्टी बांधून जाड सुईने कड शिवत होती. आजूबाजूला बाकीच्या बायका होत्या. मी जे केलं ते सांगितलं, "चुकलं माझं" म्हटलं. ती मान वर न करता म्हणाली, "बोलून झालं?"

"झालं."

"मग तो कोपरा धरा आणि ओढा. सैल पडतंय."

संध्याकाळपर्यंत मी कोपरे धरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. एक बाई म्हणाली, "काय मॅडम, वरचं दुकान बंद पडलं वाटतं?" ताई तिच्यावर खेकसली, "तू तुझी सुई बघ." मला तेवढंच पुष्कळ झालं.

असे बरेच दिवस गेले. हाताला फोड आले, ते दाखवायचे नव्हते म्हणून मोजे हातात घातले. तुझे.

मग परवा दुपारी मुलगी डबा घेऊन आली. रोज डबा ठेवून जाते, त्या दिवशी थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्याबद्दल आणखी काही माहीत आहे का तुम्हाला, जे मला माहीत नाही?"

मी म्हटलं, "नाही. आणि जे सांगितलं ते सांगायचा मला हक्क नव्हता. मला ते धड माहीतही नव्हतं, अर्धंच माहीत होतं."

"अर्धं पण नव्हतं," ताई म्हणाली. सुई ताडपत्रीत तशीच टोचून ठेवली आणि मुलीला म्हणाली, "बस खाली. ऐकायचंच असेल तर माझ्याकडून ऐक. मी बसमध्ये बसले होते. तिकीट काढलं होतं. खिडकीतून बघितलं, तर तुझ्याजवळ एक बाई आली होती आणि तुझ्या टोपड्याचे बंद बांधत होती. असे, कानावरून. कानावरून बांधतात का कोणी? तुझा कान दुमडला की तू भोकाड पसरायचीस. मी ओरडले, बस थांबवा."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

"मग?"

"मग काय. उतरले, आणि त्या बाईवरच ओरडले. बिचारी घाबरून पळाली. मी बंद सोडले आणि नीट बांधले. तोवर बस गेली."

मुलीने डबा जवळ ओढला. मग म्हणाली, "तिकिटाचे पैसे फुकट गेले म्हणजे." ताई म्हणाली, "गेले." आणि मुलीने डबा उघडला, झाकणात आईला वाढलं आणि उरलेल्या डब्यात स्वतः जेवली. मी ताडपत्रीचा कोपरा धरून उभीच होते, मला सोडायचं सुचलं नाही.

मावशी, तिने मला देवाच्या वाणीबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं. ती वाणी मी घातली होती. गोष्टीत ती हवी असं मला वाटलं होतं. मी नंतर हळूच विचारलं, "ताई, मग त्यात देव कुठे होता?"

"मला काय विचारता? प्रचारिका तुम्ही." मग दोऱ्याला मेण लावता लावता म्हणाली, "बंद चुकीचे बांधायला त्या बाईला कोणी पाठवलं, ते मी त्याला रोज विचारते."

या बुधवारी ती वर आली. मुलगी आली नाही, पण जिन्यापर्यंत पोचवायला आली होती.

एक अडचण आहे. मासिकासाठी मोठे पाळक मजकूर आणि फोटो मागतायत. दोनदा निरोप आला.

तुझी,
भिंगरी

---

३ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं. शेगडी तू येशील तेव्हा घास.

मी काही म्हणणार नाही. एवढंच की तू तिथे कोपरा धरून उभी राहिलीस, त्याचा मला तुझ्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त आनंद झाला. आणि मोजे हातात घालायचे नसतात.

मासिकाला स्पष्ट नाही म्हण. गुळमुळीत नको. ती स्वतःहून दे म्हणाली तरी तिच्या मुलीला विचार. मोठ्या पाळकांचा राग येऊ देऊ नकोस, माणूस वाईट नाही. त्यांचं अपेंडिक्स काढलं तेव्हा ते माझ्याच वॉर्डात होते. शुद्धीवर येताना काय काय ओरडत होते ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. हे त्यांना माझ्या सलामासह जरूर कळव.

मावशी

---

२० जानेवारी

प्रिय मावशी,

नाही म्हटलं. समोर बसून म्हटलं. जे घडलं ते सगळं सांगितलं, वाणी मी घातली होती हेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी ती गोष्ट कितीतरी मंडळ्यांतून सांगितली." मला त्यांची दया आली. तुझा निरोप दिला नाही. मोह झाला होता.

पण परिणाम झालाच. फेब्रुवारीअखेर सभागृहाची जागा सोडायची आहे आणि मला मुख्य कार्यालयात बोलावलंय, पाकिटं चिकटवायला. शिक्षा म्हणाले नाहीत, "विश्रांती" म्हणाले. मला माझं काही वाटत नाही. ताईचं वाटतं. तिला मी अजून किती कमी शिकवलंय. बाप्तिस्मासुद्धा झालेला नाही. माझ्यामागे तिला कोण बघणार, ती टिकेल का, की पहिल्या संकटात सगळं सोडून देईल? तिला हे सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही जा. सुई माझ्याकडे आहे."

मी कॉरिडॉरमध्ये उभी आहे, मावशी. आतून काही आवाज येत नाही.

भिंगरी

---

११ एप्रिल

मावशींना सलाम.

तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तुम्हाला ओळखते. मॅडम तुमच्या पत्रांतला थोडा थोडा मजकूर वाचून दाखवायच्या. मी ताडपत्रीवाली. हे पत्र माझी मुलगी लिहिते आहे, मी सांगते आहे, कारण माझं अक्षर टाक्यासारखं येतं.

मॅडम गेल्यापासून त्यांची दोन पत्रं आली. दोन्हींत "मी तुम्हाला वाऱ्यावर सोडलं" असं लिहिलंय. तुम्ही त्यांच्या जवळच्या, त्यांना जरा समजवा. मी काही वाऱ्यावर नाही. मी शेडमध्ये आहे, पत्र्याखाली. मी त्यांना तसं लिहिलंही, पण त्यांना माझं ऐकायची सवय नाही. (मी मुलगी. आई असं म्हणाली नाही, याहून कडक म्हणाली. मी मऊ करून लिहिते आहे.)

वरची जागा गेली. तिथे पुन्हा दातांचा डॉक्टर आलाय, तेव्हा गाल धरून येणाऱ्यांची सोय झाली. आम्ही दुपारी शेडमध्येच बसतो. डबा खाऊन झाला की मी एक गोष्ट वाचते. अडले की मुलगी सुट्टीच्या दिवशी पुढचं वाचून देते. (मी फक्त वाचते. माझं अजून काही ठरलेलं नाही. आईला हे माहीत आहे, तुम्हालाही माहीत असावं म्हणून लिहिलं.) मग आम्ही प्रार्थना करतो. मला मॅडमसारखी छान करता येत नाही. मी त्याच्याशी जशी बोलते तशीच बोलते. बाकीच्या आधी हसायच्या. आता त्याही आपापलं भांडण घेऊन बसतात.

बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात आहे. मोठे पाळक स्वतः आले होते, एकटे, माइक न घेता. आमच्या इथे खोक्यावर बसले आणि मला म्हणाले, "मी तुमची गोष्ट विचारल्याशिवाय सगळीकडे सांगितली, चुकलं." मी म्हटलं, बसा, चहा घ्या. दुसरं काय म्हणणार? एवढ्या मोठ्या माणसाला कोपरा धरायला कसा लावायचा? (लावला होता. थोडा वेळ.) मॅडमनी यायचं कबूल केलंय. तुम्हीही या. बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते. माझा नवरा म्हणतो मीही येतो. येईल तेव्हा खरं.

एक सांगायचं होतं, म्हणून मुद्दाम पत्र. शेडमध्ये एक नवीन बाई लागलीये. पहिले काही दिवस दूर बसून जेवायची. मी तिला म्हटलं, इकडे ये. म्हणाली, "तुमच्यात उभं राहून सगळ्यांसमोर सांगावं लागतं ना?" म्हटलं, नाही. तुला नाव सांगायचं असेल तर नाव सांग, नसेल तर नुसती बस. ती बसायला लागली. काल सगळ्या कामाला उठल्या, ती उठली नाही. माझा हात धरून बोलायला लागली आणि बराच वेळ बोलत राहिली. मला तेव्हा वाटलं, आत्ता मॅडम हव्या होत्या, त्यांना शास्त्र माहीत आहे, मला काय माहीत? पण होते मीच. मग ऐकलं. मग आम्ही दोघींनी प्रार्थना केली.

ती काय बोलली ते तुम्हाला लिहीत नाही.

(मलाही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.)